अळूच्या नावाची पंगत

आमच्या जुन्या घराच्या परसात, न्हाणीचे पाणी जिथे वाहून जाई तिथे, कुणी मुद्दाम न लावता आणि कुणी फारशी निगा न राखता अळूचे एक रान माजलेले असे. आणि घरात मंगलकार्य निघाले की त्यातलीच पाने देठांसकट खुडून, चिंच, गूळ, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि मुळ्याच्या चकत्या यांच्या संगतीत त्यांचे जे फदफदे रटरटत असे, त्यावाचून पंगत पुरी झाली असे कोणी मानीत नसे. तथापि त्या पंगतीला अळूचे नाव द्यावे, असे कुणाच्या स्वप्नातही आले नसते. लग्नाला लग्न म्हणावे आणि मुंजीला मुंज. भाजीवरून समारंभाचे नाव पडावे हा प्रकार आपल्याला थट्टेचाच वाटेल.

परंतु पॅसिफिक महासागराच्या ऐन मध्यावर, अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे ३,८०० किलोमीटर अंतरावर जी हवाई बेटे आहेत, तिथे हे प्रत्यक्ष घडले आहे. जगभरच्या प्रवाशांना आज जी मेजवानी 'लुआऊ' या नावाने ठाऊक आहे, आणि जिच्या जाहिरातींत फुलांचे हार, मशाली, नृत्यांगना आणि अखंड भाजलेले डुक्कर यांवाचून दुसरे काही दिसत नाही, तिचे नाव डुकरावरून पडलेले नाही, नृत्यावरून नाही, राजावरून तर नाहीच नाही. लुआऊ म्हणजे अळूचे कोवळे पान. ते पान नारळाच्या दुधात मऊसूत शिजवून त्यात माकुळ किंवा कोंबडी घातली की होणाऱ्या कालवणालाही लुआऊच म्हणतात. आणि ज्या भोजनाला पूर्वी 'अहाआईना' किंवा 'पाईना' म्हणत, त्याला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास केव्हातरी या पानाने आपले नाव दिले. १८५६ सालच्या होनोलुलूच्या एका वृत्तपत्रात हा शब्द मेजवानीच्या अर्थाने छापलेला आढळतो.

हे अळू आपलेच. वनस्पतिशास्त्राच्या दप्तरात कोलोकेशिया एस्क्युलेंटा या नावाने ज्याची नोंद आहे तेच. फरक इतकाच की आपण पानांचे भक्त, आणि तिकडे मुख्य मान कंदाचा. हवाईत त्याला 'कालो' म्हणतात. पॉलिनेशियाचे दर्यावर्दी जेव्हा, सुमारे आठशे ते हजार वर्षांपूर्वी, दोन नावा एकमेकींना जोडून केलेल्या तरांडांतून, ताऱ्यांच्या, लाटांच्या आणि पाखरांच्या खुणांवर विसंबून या निर्जन बेटांवर येऊन ठेपले, तेव्हा त्यांच्याबरोबर डुकरे, कुत्री आणि कोंबड्या होत्या, आणि ओलसर वेष्टनांत जपलेली रोपे, कंद आणि बेणे होते. त्या बेण्याची यादी वाचताना मराठी माणसाला आपल्या परसातून फिरून आल्यासारखे वाटते: अळू, केळ, नारळ, ऊस, जाम, बारतोंडी, नीरफणस, आणि ज्या हळदीवाचून आपला एकही दिवस जात नाही ती हळद. या बेण्यात रताळेही होते, पण त्याचे मूळ निराळे. ते दक्षिण अमेरिकेचे, आणि कोलंबसाच्या कितीतरी आधी पॉलिनेशियात पोचलेले. तेव्हा आपल्या एकादशीच्या फराळाला जे रताळे पोर्तुगीज जमान्यात लाभले, ते या लोकांनी स्वतःच्या नावा हाकारून शतकानुशतके आधीच घरी आणले होते असे म्हणावे लागते.

कालोविषयी हवाईत जी कथा सांगतात ती ऐकल्याखेरीज त्याचा मान समजत नाही. आकाशपिता वाकेआ आणि होओहोकूकलानी यांना झालेले पहिले अपत्य मृत जन्मले. ते घराशेजारी पुरले असता त्या मातीतून थरथरत्या पानांचा एक कालो उगवला. पुढे दुसरा मुलगा झाला, त्याचे नाव हालोआ, आणि सर्व हवाईवासी त्या हालोआचे वंशज. म्हणजे नात्याने कालो हा मनुष्यजातीचा थोरला भाऊ ठरला. धाकट्याने थोरल्याची निगा राखावी आणि थोरल्याने धाकट्याला पोसावे, असा तो घरचा व्यवहार आहे. मूळ कंदाच्या अंगाला जे लहान कोंब फुटतात (आपण ज्यांना अळकुड्या म्हणतो त्यांचेच हे भावंड) त्यांना हवाईयन भाषेत 'ओहा' म्हणतात, आणि कुटुंबाला म्हणतात 'ओहाना'. कालो कुटून केलेल्या पोईचे भांडे उघडे असताना जेवणाऱ्यांनी भांडू नये, वर्मी लागेल असे बोलू नये, असाही जुना दंडक आहे. थोरला भाऊ समोर बसला असता धाकट्यांनी तंडणे बरे दिसत नाही. आपल्याकडे अन्नाला पूर्णब्रह्म म्हटले आहे, परंतु ब्रह्मापुढे भांडायला आपण कचरत नाही. वडीलभावाची भीड अधिक परिणामकारक असावी.

आता पोई. कालोचे कंद प्रथम पुष्कळ वेळ वाफवतात, कारण अळू खाजरे आहे हे आपल्याप्रमाणे त्यांनाही पुरते ठाऊक. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक घशाला टोचतात. आपण चिंचेने आणि आमसुलाने त्यांची समजूत काढतो, तर हवाईयन लोक भरवसा ठेवतात तो केवळ दीर्घकाळ शिजविण्यावर. वाफवलेला कंद सोलून एका लांबट, मध्ये किंचित खोलगट अशा लाकडी पाटावर ठेवतात. पाटाच्या दोन टोकांना दोन पुरुष समोरासमोर मांडी घालून बसतात, प्रत्येकाच्या हाती काळ्या दगडाचा, तळाशी रुंद आणि मुठीशी निमुळता बत्ता, आणि शेजारी पाण्याचे भांडे. पहिले काही घाव हलके, कंद फुटेपर्यंत. मग जोर वाढतो, लगदा चिकट होऊ लागतो, पाण्यात बुडवलेला डावा हात कडेचा लगदा उचलून मध्यावर दुमडतो, आणि तो हात निघतो न निघतो तोच बत्ता तिथे आदळतो. पाणी हाताला आणि दगडाला लावायचे ते चिकटू नये एवढ्यापुरते. लगद्यात मुरू द्यायचे नाही. पुष्कळ वेळाने, कपाळावरचा घाम भुवईपर्यंत ओघळून आल्यावर, पाटावर एक गुळगुळीत, तुकतुकीत, करडा-जांभळा गोळा उरतो. तो 'पाई आई'. पानांत बांधून ठेवला तर तो बरेच दिवस टिकतो, आणि जेवणाच्या वेळी त्यात बेताने पाणी घालून सैल केला की त्याची पोई होते. दाटपणाची मोजणी बोटांवर: एका बोटावर उचलली जाईल ती दाट, दोन बोटे लागतील ती मध्यम, तीन लागतील ती पातळ.

ताजी पोई बेचव म्हणावी इतकी सौम्य असते; दोन-तीन दिवसांत ती आंबते आणि तिला आपल्या आंबिलीसारखा आंबूस वास सुटतो. जाणते खवय्ये या आंबटपणाचेच चाहते. नवख्या परदेशी पाहुण्याने बोट चाखून तिला जिल्दगाराच्या खळीची उपमा द्यावी हा जणू संकेतच पडून गेला आहे. पण नुसता भात खाऊन भाताला नावे ठेवावीत तसेच हे आहे. पोई खारट माशाबरोबर, खारट मांसाबरोबर, घासागणिक घ्यायची असते, आणि तसे केले म्हणजे तिचे बेचवपण हाच तिचा गुण ठरतो. लहान मुलाच्या तोंडात पहिला घास पडतो तोही बहुधा तिचाच, कारण ती पचायला अत्यंत हलकी.

हाताने कुटलेली ही पाई आई विकण्यास आरोग्यखात्याच्या नियमांमुळे पुढे मनाई झाली. शेकडो वर्षे ज्यावर एक समाज पोसला, ते अन्न लाकडी पाट आणि सच्छिद्र दगड यांमुळे कायद्याच्या दृष्टीने अशुद्ध ठरले. अखेर खुद्द पाई आई कुटणारे, शेतकरी आणि विद्यार्थी यांनी विधिमंडळापुढे गाऱ्हाणे मांडले, आणि २०११ साली हवाईच्या विधिमंडळाने काही अटींवर त्या विक्रीला परवानगी देणारा कायदा केला.

कालो पिकतो तो पाणथळ खाचरांत. डोंगरातल्या ओढ्याचे पाणी पाटाने आणून एका खाचरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात खेळवायचे आणि शेवटी पुन्हा ओढ्यात सोडायचे, अशी ती व्यवस्था. आपल्याकडील जुन्या पाटबंधाऱ्यांचा कारभार ज्याने पाहिला असेल त्याला ती परकी वाटणार नाही. पाण्याला हवाईयन भाषेत 'वाई' म्हणतात (कृष्णाकाठच्या मंडळींनी उगाच हुरळून जाऊ नये), आणि संपत्तीला 'वाईवाई'. पाणी आणि पाणी म्हणजे धन. पुढे उसाच्या मळ्यांनी ओढे वळवले, चिनी शेतकऱ्यांनी खाचरांत भात लावला, आणि कालोच्या ज्या तीनशेच्या आसपास जाती नावानिशी ओळखल्या जात, त्यांतल्या बहुतेक नामशेष झाल्या.

लुआऊच्या दिवशी सर्वांचे लक्ष वेधून घेते ती मात्र भूमीतली भट्टी, 'इमू'. पुरुषभर लांबीचा एक खड्डा खणून त्यात लाकडे रचतात, आणि त्यांवर दगड. हे दगड निवडण्यातच सारे कौशल्य. हवाई बेटे ज्वालामुखीतून वर आलेली. तिथला काळा पाषाण आणि आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण एकाच कुळीतले, दोन्ही निवालेला लाव्हाच. परंतु ओढ्यातला ओल धरलेला घट्ट गोटा विस्तवावर ठेवला तर तो तोफगोळ्यासारखा फुटतो. म्हणून अंगावर बुडबुड्यांची छिद्रे असलेला कोरडा दगड वेचून घेतात, आणि एकदा पारखलेले दगड घराण्यातल्या भांड्यांप्रमाणे सांभाळून ठेवतात. सरपण बहुधा कियावेचे, म्हणजे आपल्याकडे माळरानांवर सोकावलेल्या वेड्या बाभळीच्या सख्ख्या चुलतभावाचे; १८२८ साली होनोलुलूत ते झाड प्रथम लागले आणि मग बेटभर पसरले.

लाकडे जळून दगड तापून पांढुरके झाले की काठ्यांनी ते सपाट करतात. केळीचे सोट ठेचून त्यांवर अंथरतात, कारण वाफ निघायची ती त्यांच्याच पाण्याची. त्यांवर पानांचा थर, आणि त्यावर जाडे मीठ चोळलेले, पोटात तापलेले दगड घातलेले अखंड डुक्कर. त्याच्या भोवती लाउलाउची पुडकी, रताळी, नीरफणस. वर पुन्हा टी नावाच्या झुडपाची लांबट चकचकीत पाने, केळीची पाने, ओली पोती (पूर्वी केवड्याच्या जातीच्या पानांच्या चटया), आणि शेवटी माती. कुठून वाफेची एखादी शीळ निसटते आहे का, हे वाकून पाहायचे आणि तिथे मूठभर माती दाबायची. मग सहा-आठ तास, प्राणी मोठा असेल तर रात्रभर, काही करायचे नाही. हे 'काही न करणे' मला त्या साऱ्या पाकक्रियेतले सर्वांत कठीण अंग वाटते. माती उकरून पोती दूर केली की धुराचा, भिजल्या मातीचा आणि शिजल्या पानांचा असा एक संमिश्र दर्प उसळतो, आणि डुक्कर उचलायला जावे तर ते हातात येत नाही, इतके ते हाडावेगळे झालेले असते. रायगडातली पोपटी ज्याने थंडीत शेकोटीभोवती बसून खाल्ली आहे, त्याला भांबुर्ड्याच्या पाल्यात कोंडलेल्या वाफेचे मर्म सांगायला नको.

लाउलाउ हा या पंगतीतला मला सर्वांत विचारपूर्वक घडविलेला जिन्नस वाटतो. डुकराच्या मांसाचा तुकडा आणि खारवलेल्या माशाचा तुकडा अळूच्या चार-सहा पानांत गुंडाळायचे, आणि ते पुडके टीच्या पानात बांधून वाफवायचे. बाहेरचे पान टाकायचे, आतले खायचे. चरबी वितळून अळूत मुरते, माशाचे मीठ दोहोंत उतरते. पातोळ्या आणि पानगीच्या प्रदेशात वाढलेल्या माणसाला वेष्टनाचे पान नुसते वास देऊन निघून जाते हे माहीत असते. परंतु आतले पानच मुख्य पदार्थ होऊन बसावे, हे फक्त अळूवडीच्या पुजाऱ्यांना उमजेल.

या भोजनाच्या पंक्तीत स्त्री-पुरुष एकत्र बसलेले पाहून ही परंपरा अनादि असावी असे वाटते. ती तशी नाही. जुन्या हवाईत 'कापू' नावाची निषेधांची कडक व्यवस्था होती. इंग्रजीत रूढ झालेला 'टॅबू' हा तिचाच टोंगातून आलेला भाऊबंद. तिच्यानुसार स्त्रियांना डुकराचे मांस, नारळ, केळ्यांच्या बहुतेक जाती आणि काही मासे निषिद्ध, पुरुषांचे भोजनगृह वेगळे, बायकांचे वेगळे, भट्ट्यादेखील दोन. गंमत अशी की स्वयंपाक सर्वस्वी पुरुषांचा, त्यामुळे गृहस्थाने एक इमू स्वतःसाठी पेटवायचा आणि दुसरा बायकोसाठी. सोवळ्याचा दुहेरी भार पुरुषाच्याच माथी मारणारा असा दुसरा समाज क्वचितच सापडेल. पंक्तिभेदाचे हे बंधन मोडणाऱ्याला देहान्त शिक्षाही होऊ शके.

१८१९ च्या मे महिन्यात पहिला कामेहामेहा वारला. त्याची प्रबळ विधवा काआहुमानू आणि नव्या राजाची आई केओपूओलानी या दोघींनी ही व्यवस्था मोडण्याचा निश्चय केला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात, म्हणजे आपल्याकडे पेशवाई बुडून दीड वर्ष होत आले होते तेव्हा, कैलुआ येथे मोठी मेजवानी मांडली गेली: पुरुषांची पंगत एकीकडे, स्त्रियांची दुसरीकडे. तरुण राजा लिहोलिहो उठला, अस्वस्थपणे दोन्ही पंगतींभोवती फिरला, आणि एकाएकी स्त्रियांमध्ये बसून भराभरा खाऊ लागला. देवांचा कोप झाला नाही. मग देवळे आणि मूर्ती नष्ट करण्याचे हुकूम सुटले. पहिले ख्रिस्ती मिशनरी येऊन पोचले ते यानंतर काही महिन्यांनी. तेव्हा जुना धर्म त्यांनी मोडला या समजुतीला आधार नाही, तो एका जेवणाने मोडला. एकत्र बसून खाण्याची लुआऊ त्या दिवसापासूनची. अन्न हजार वर्षांचे, पंगत दोनशे वर्षांची.

तिसऱ्या कामेहामेहाने १८४७ साली नुउआनूच्या खोऱ्यात दिलेल्या मेजवानीची याद उपलब्ध आहे, आणि ती वाचताना पेशवे दप्तरातील एखाद्या समारंभाची जिन्नसवार फर्दच हाती आल्यासारखे वाटते. डुकरे २७१, कोंबड्या ६०२, बैल ३, खारवलेले मासे ३,१२५, ताजे १,८२०, नारळ २,२४५, कालोचे कंद ४,०००, पोईची मोठी भांडी ४८२. आणि या फर्देत, कांदे-बटाट्यांच्या संगतीत, एक कलम असे आहे: लुआऊ आणि कोबी मिळून पिंपे साडेबारा. त्या दिवशी लुआऊ ही अजून भाजीच होती, कोबीबरोबर एका पिंपात मोजली जाणारी. नऊ वर्षांनी वृत्तपत्रात ती सबंध मेजवानी झाली.

त्या यादीत कांदा, कोबी आणि गुरे आली आहेत, तीही लक्षात घ्यावी. व्हँकुव्हर या इंग्रज कप्तानाने १७९३ साली राजाला गुरांचा नजराणा दिला. त्यांना मारण्यास मनाई झाल्यामुळे ती माजली, मग ती आवरायला मेक्सिकोहून गुराखी आणावे लागले, आणि त्यांच्या हातून सुकवलेल्या गोमांसाचा पिपिकाउला पानात आला. 'लोमी' म्हणजे मळणे. खारवलेला सामन मासा टोमॅटो-कांद्याबरोबर बोटांनी कुस्करून लोमी सामन करतात, आणि जाणत्या माणसालाही तो अस्सल देशी वाटतो. परंतु सामन हवाईच्या समुद्रात सापडतच नाही. तो अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरून पिंपांत भरून जहाजांनी आला. कोंबडीच्या रश्शातल्या काचेसारख्या शेवया चिनी मजुरांच्या. अननसाचे तर बोलूच नये. हवाईचे म्हणून मिरवणारे हे फळ दक्षिण अमेरिकेतले. याउलट कच्च्या माशाचा पोके हा खरा जुना: माशाचे तुकडे, समुद्रशेवाळ, भाजून कुटलेल्या कुकुई बियांची चटणी, आणि कौआई बेटावरच्या आगरातले, गेरूसारख्या मातीने तांबूस झालेले मीठ. शेवटी गोड म्हणून हाउपिया, नारळाच्या दुधाची घट्ट वडी. आणि कूलोलो, किसलेला कालो आणि नारळाचे दूध यांची खरवसाच्या चुलत बहिणीसारखी दिसणारी, गडद तपकिरी, चिवट वडी. दोहोंत माझे मत कूलोलोला.

कालाकाउआ राजाच्या अमदानीत ही मेजवानी दरबारी थाटाला पोचली. जगप्रदक्षिणा करणारा हा पहिला राज्यारूढ राजा. १८८१ साली त्या प्रवासात कलकत्त्याहून आगगाडीने तो मुंबईसही येऊन गेला. इथे कोणी त्याला अळूचे फदफदे वाढले असते तर त्याने खचित ओळखले असते.

उरलेल्या पॉलिनेशियात मेजवानीला लुआऊ म्हणत नाहीत, पण पान आणि भट्टी आहेत. सामोआत अळूच्या पानात नारळाचे दाट दूध बांधून भाजलेली पालुसामी, टोंगात त्याच पानांतले मांस, ताहितीत लिंबू आणि नारळाच्या दुधातला कच्चा मासा, न्यूझीलंडच्या माओरींची भूमिगत हांगी. ताहितीचा नीरफणस वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या पोटाला स्वस्तात घालावा म्हणून त्याची हजारांवर रोपे घेऊन निघालेल्या 'बाउंटी' जहाजावर १७८९ साली जे बंड झाले, त्यात ती सारी रोपे समुद्रार्पण झाली, ही हकीकत प्रसिद्धच आहे.

आज हॉटेलांच्या हिरवळीवर तिकीट लावून होणाऱ्या लुआऊत प्रवाशाच्या थाळीत पोईची एक इवलीशी वाटी थट्टेपुरती ठेवलेली असते. खरी लुआऊ पाहायची तर ती मुलाच्या पहिल्या वाढदिवसाची. परदेशी जहाजांबरोबर देवी, गोवर, डांग्या खोकला आले आणि एकोणिसाव्या शतकात घरेच्या घरे रिकामी झाली. तेव्हा मूल वर्षाचे झाले ही गोष्ट साऱ्या आळीला जेवू घालण्याजोगी होती, आणि तो दस्तूर अद्याप चालू आहे. आदल्या रात्री काके-मामे खड्ड्याशी जागतात. बायका आणि पोरे अळूच्या पानांचे ढीग पुढे घेऊन देठ खुडीत, शिरा सोलीत बसतात, आणि त्यांच्या बोटांना खाज सुटलेली असते. सकाळी डुक्कर अजून मातीखालीच असते, पाहुणे यायचे असतात. आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप ते मूल आजीच्या, तिथल्या भाषेत तूतूच्या, मांडीवर बसून तिच्या बोटावरची करडी पोई चाटीत असते.